कंडक्टर ताईंचा दुसरा व्हिडिओ

मलकापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या गाडीत चढलं की आधी धम्मशीला तायडेचा आवाज कानावर यायचा, मग ती दिसायची. "मांगं सरका, मांगं. मांगं जागा आहे, मी आत्ताच पाहून आली." मागे जागा कधीच नसायची, पण तिनं सांगितलं की लोक निमूट सरकायचे. खाकी वर्दी, गळ्यात तिकिटाचं मशीन, कानात मोत्याचे टॉप्स आणि तोंडाची टकळी चालू. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर गाडी गच्च भरायची आणि गाडी भरली की धम्मशीलाला जास्तच हुरूप यायचा. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाचं पोट्टं पोलीस भरतीत धावताना पडलं, कोणाची सून माहेरून परत आली, हे मोताळा येईपर्यंत तिला कळायचं आणि राजूर घाट चढेपर्यंत सगळ्या गाडीला.

तिची एक कमजोरी होती. ती म्हणजे शेखर सरंजामे.

शेखर सरंजामे हा टीव्हीवरचा नट. रोज रात्री लागणाऱ्या मालिकेत तो डॉक्टर नवरा झालेला. बायको दमून आली की हा तिच्या डोक्याला तेल लावून द्यायचा, सासू बोलली की मधे पडायचा, आणि दर आठवड्याला एकदा तरी स्वतः खिचडी टाकायचा. मलकापुरातल्या समस्त नवऱ्यांचा त्याच्यावर राग होता. धम्मशीलाचा नवरा नागसेन मोटारपंप दुरुस्त करायचा, तो मालिका लागली की म्हणायचा, "त्याले तेल लावाचा पगार भेटते. मले कोनी देत असन तर मीही लावतो."

"तुमच्या हाताले ग्रीस असते," धम्मशीला म्हणायची. "राहू द्या."

दोन वर्षांपूर्वी हा शेखर एका दागिन्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला बुलढाण्याला आला होता. धम्मशीलाची गाडी तेव्हा नेमकी स्टँडवर लागलेली. ती वर्दीतच धावली. गर्दीत उन्हात उभी राहिलेली ही खाकीतली बाई पाहून तो थांबला, हसला आणि म्हणाला, "ताई, जेवलात का?" मग त्यानं तिच्यासोबत फोटो काढला. तो फोटो तेव्हापासून धम्मशीलाच्या मोबाईलच्या पडद्यावर लावलेला होता, आणि तो किस्सा मलकापूर ते बुलढाणा या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसानं निदान दोनदा ऐकलेला होता.

अशात एका सकाळी बातमी आली. शेखर सरंजामेच्या बायकोनं, अपेक्षानं, मुंबईत पोलिसांत तक्रार दिली की नवरा मारतो.

त्या दिवशी गाडीत दुसरा विषयच नव्हता. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि प्रत्येक मोबाईलवर तेच. एका वाहिनीनं त्या दोघांचा महाबळेश्वरचा जुना फोटो लाल गोल करून दाखवला होता. अपेक्षा त्यात हसत होती. खाली पट्टी फिरत होती: मार खाणारी बायको अशी हसते का? दुसऱ्या वाहिनीवर एक गृहस्थ तिचा चेहरा वाचून दाखवत होते. ओठाचा उजवा कोपरा वर गेला की माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. तिसरीकडे सहा जण एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे त्यांचं काय म्हणणं होतं ते कोणालाच कळलं नाही.

"एवढा मारत होता त चार वर्षं काऊन राह्यली त्याच्याजवळ?" तुळशीराम म्हातारा म्हणाला. तुळशीरामचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद बुलढाण्याच्या कोर्टात होता आणि तारखेच्या निमित्तानं त्याचं सीट ठरलेलं, ड्रायव्हरच्या मागचं, खिडकीजवळचं.

"पैशासाठी असन," मागून कोणीतरी.

"आजकाल पोरी लगेच पोलिसात जातात," आणखी कोणी.

धम्मशीला मशीनवर बोटं मारता मारता म्हणाली, "तो तसा माणूसच नाही हो. मी त्याले पाह्यलं ना. उन्हात उभी होती मी, त मले इचारलं, ताई, जेवलात का. एवढा मोठा माणूस. तो काय बायकोवर हात उचलन?"

गाडीनं माना डोलावल्या. धम्मशीलाच्या सीटशेजारी रुपाली बसली होती. मोताळ्याची, पंचविशीतली, बुलढाण्यात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती रोज याच गाडीनं जायची आणि रोज तिथेच बसायची. बोलायची कमी, ऐकायची जास्त. धम्मशीलासारख्या बाईला शेजारी अशीच कोणी लागते. त्या दिवशी रुपालीनं मान डोलावली नाही. धम्मशीलाच्या ते ध्यानात आलं नाही, तिकिटं बरीच बाकी होती.

दुपारी मलकापूर स्टँडवर गोपाल भेटला. गोपाल हा 'घाटाखाली घाटावर' नावाचा बातम्यांचा चॅनल मोबाईलवर चालवायचा. मालक तो, बातमीदार तो आणि कॅमेरावालाही तोच; माईकला मात्र त्यानं मोठ्या वाहिन्यांसारखा चौकोनी लाल डबा लावलेला. तो शेखर प्रकरणावर जनतेचं मत घेत फिरत होता आणि जनता काही धड बोलत नव्हती. धम्मशीला दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"ताई, तुमचा त फोटो आहे ना त्याच्यासंगं?"

ताईंना एवढं पुरे होतं. फोटो दाखवत, वर्दीच्या कॉलरला हात लावत ताई बोलल्या. ऊन, गर्दी, जेवलात का, सगळं आलं. शेवटी थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मानूस ओळखता येते आम्हाले. दिवसाचे शेकडो मानसं पाह्यतो आम्ही. असा मानूस हात उचलत नाही म्हन्जे नाही. बायकांनी कायद्याचा खेळ करू नये."

ते शेवटचं वाक्य तिनं आदल्या दिवशी टीव्हीवर ऐकलेलं होतं. तोंडात बसलं होतं, निघून गेलं.

व्हिडिओ असा काही पसरला की गोपालचा स्वतःचाच विश्वास बसेना. शेखरच्या चाहत्यांच्या मंडळानं तो पुढे पाठवला, मग मुंबईच्या एका वाहिनीनं उचलला: 'विदर्भातली कंडक्टर ताई शेखरच्या पाठीशी'. डेपोतले लोक चहा पाजू लागले. साहेबांनी बोलावून एवढंच सांगितलं की वर्दीत मुलाखती देत जाऊ नका, आणि मग हळूच विचारलं की तो खरंच तसा गोरा आहे का. मुंबईहून शेखरच्या माणसाचा फोन आला: सर तुमचे आभारी आहेत, पुढे चाहत्यांचा मेळावा ठेवतोय, तुम्ही यायचंच. धम्मशीलानं नागसेनला दोनदा ऐकवलं. नागसेननं पंपाचं वायंडिंग तपासत विचारलं, "त्याच्या बायकोलेही बलावलं का मेळाव्याले?"

"तुम्ही ना, कशातही खोडी काढता," ती म्हणाली.

मोताळ्याच्या थांब्यावर तर तिचं खास स्वागत झालं. रुपालीचा नवरा देवानंद तिथे रोज बायकोला सोडायला यायचा. देवानंद म्हणजे त्या थांब्याची शान. बायकोचा डबा स्वतः धरून उभा, म्हातारीला हात देऊन गाडीत चढवणारा, एकदा गाडी चिखलात फसली तर पँट वर करून सगळ्यांच्या आधी ढकलायला उतरलेला. धम्मशीलासाठी तो टपरीवरून चहा घेऊन खिडकीशी यायचा. गाडीतल्या बायका रुपालीला म्हणायच्या, "पोरी, नशीब काढलं तू." त्या दिवशी देवानंद चहा देत म्हणाला, "ताई, काय बोलल्या तुम्ही. आमच्या घरी सगळ्यायनं पाह्यला व्हिडिओ."

धम्मशीला खूश झाली. रुपाली मात्र चढली आणि शेजारी न बसता सरळ मागे गेली, शेवटच्या बाकावर.

एक दिवस झाला, दुसरा झाला, आठवडा झाला, रुपाली मागेच. तिकीट काढताना वर बघायची नाही. धम्मशीलाला करमेना. तिचं बोलणं ऐकून घेणारं माणूस गेलं, हे एक. आणि आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं, हे दुसरं. शेवटी एका सकाळी बुलढाण्याला गाडी रिकामी झाल्यावर तिनं रुपालीला हाताला धरून कँटीनमध्ये नेलं, चहा सांगितला आणि विचारलं, "माह्यावर रागावली का बाई तू?"

रुपालीनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ताई, तुमचा व्हिडिओ आमच्या घरी रोज लागते."

"म्हन्जे?"

"हे लावतात. जेवायच्या आधी. कधी हात उचलून झाल्यावर लावतात. म्हनतात, पाह्य, शेकडो मानसं पाह्यनारी बाई काय म्हनते ते."

धम्मशीलाला आधी समजलंच नाही. 'हे' म्हणजे कोण, असं ती विचारणार होती. मग समजलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "देवानंद?"

रुपाली हसली. वाईट हसू होतं ते. "पाह्यलं ना ताई. तुम्हीही असंच म्हनलं. सगळे असंच म्हनतीन, हे मले मालूम होतं. तरी मी तुम्हाले सांगनार होती. तुमच्या शेजारी काऊन बसत होती मी रोज? आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. मग तुमचा व्हिडिओ आला." तिनं ओढणी सारखी केली. मानेवर, केसांखाली, जुना पिवळा पडलेला वळ होता. "ते मले म्हनाले, जाय, सांग तुह्या कंडक्टर बाईले. ती माह्या हातचा चहा पिते."

कँटीनवाल्यानं बिस्किटाची बशी आणून ठेवली, ती तशीच राहिली. धम्मशीलाला देवानंदच्या त्या चहाची चव आठवत होती. आल्याचा असायचा. चांगला असायचा.

"माह्यं चुकलं पोरी," ती म्हणाली. "लय चुकलं. तू सांग काय करू, ते करतो आपुन."

"सध्या काही नका करू. त्याईले काही बोलू नका. मले इचार करू द्या."

परतीच्या फेरीत गाडीला कंडक्टर मुकी झाल्यासारखं वाटलं. तुळशीरामनं तर विचारलंच, "बाई, तब्येत बरी नाही का?" दुसऱ्या दिवशी मोताळ्याला देवानंद चहा घेऊन आला तेव्हा धम्मशीलानं सांगितलं की डॉक्टरनं चहा बंद केला. आणि खिडकीतून त्याचा चेहरा नीट पाहून घेतला. छान चेहरा होता. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. टीव्हीवरच्या त्या चेहरा वाचणाऱ्या गृहस्थांना आणून इथे उभं केलं असतं तर त्यांनाही काही सापडलं नसतं, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी तिनं नागसेनला सगळं सांगितलं. नागसेननं यावेळी खोडी काढली नाही. तो म्हणाला, "त्या पोरीले काय पायजे ते ती ठरवन. पन तुह्या तोंडून निघालं ते तुलेच वापस घ्या लागन."

म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी धम्मशीला चांगली साडी नेसून गोपालला शोधायला निघाली. वर्दी नसल्यामुळे गोपालनं तिला आधी ओळखलंच नाही.

"तो व्हिडिओ काढून टाक," ती म्हणाली.

"ताई, तो आता माह्या हातात कुठं राह्यला? पार दुबईपर्यंत गेला."

"मग दुसरा काढ. माह्यं बोलनं राह्यलं आहे थोडं."

गोपालनं डोकं खाजवलं. लोक म्हणतील ताई फिरल्या, असं तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली, कारण फिरलेली ताई ही जास्त मोठी बातमी होती. धम्मशीलानं अट घातली: वर नाव काय द्यायचं ते दे, पण बोललेलं कापायचं नाही.

आणि ती बोलली. पहिल्यासारखं झरझर नाही, अडखळत. "मांगं मी बोलली होती की शेखर सरंजामे हात उचलनार नाही. मले काय मालूम? फोटो काढाले जेवढा वेळ लागते तेवढाच पाह्यला मी त्याले. त्याची बायको चार वर्षं त्याच्या घरात होती. त्यानं मारलं का नाही, ते मी आजही सांगू शकत नाही, ते कोर्ट पाह्यन. पन मारलंच नसन असं मी म्हनलं, ते माह्यं खोटं होतं. बायकांनी कायद्याचा खेळ करू नये म्हनलं, तेही माह्यं नव्हतं, टीव्हीवरचं होतं. तुमच्या घरी कोनी तो व्हिडिओ दाखवून कोनाले गप्प करत असन, त त्याले हा दाखवा." शेवटी म्हणाली, "आन् माह्या गाडीत कोन्या बाईले काही सांगाचं असन त सांगा. हात कामात असतात माह्ये. कान मोकळे आहेत."

गोपालनं नाव दिलं: 'कंडक्टर ताईंची पलटी!! पाहा कोणाच्या दबावाखाली?' कापलं मात्र काही नाही. तेवढा शब्द त्यानं पाळला.

मग शिव्या आल्या. नागसेन चष्मा लावून ओट्यावर बसायचा आणि एकेक वाचून दाखवायचा. "हा म्हनते, किती घेतले. हा म्हनते, हिचा नवराच मारत असन." इथे तो थांबला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "आता मले नटासारखं पत्रकार परिषद घ्या लागन." धम्मशीला खूप दिवसांनी हसली. गंमत अशी की ज्यांनी पहिल्या व्हिडिओखाली तिला अडाणी म्हटलं होतं तेच आता वाघीण म्हणत होते, आणि वाघीण म्हणणारे अडाणी. मुंबईहून शेखरच्या माणसाचा फोन पुन्हा आला नाही. फोटो तिनं मोबाईलवरून काढला. त्या जागी नागसेनचा लावला, पंप खांद्यावर घेतलेला.

देवानंदनं मोताळ्याला एकच वाक्य म्हटलं, "ताई, दुसराही पाह्यला आम्ही." हातात चहा नव्हता.

"बरं केलं," धम्मशीला म्हणाली आणि घंटी मारली.

त्या दिवशी रुपाली शेवटच्या बाकावर गेली नाही. शेजारी येऊन बसली. घाट लागला तेव्हा हळूच म्हणाली, "आज लॅबमधून सुट्टी घेतली मी. माह्यासंगं येता का?"

बुलढाण्याला पोचल्यावर धम्मशीलानं परतीची फेरी दुसऱ्या कंडक्टरला गळ घालून दिली आणि दोघी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या बाईंनी पंखा लावला, पाणी दिलं आणि रुपालीला तिच्या तिच्या शब्दांत सांगू दिलं. एवढे दिवस काऊन राह्यली, असं एकदाही विचारलं नाही. धम्मशीला बाहेर बाकावर बसली होती. आतलं ऐकू येत नव्हतं आणि पहिल्यांदाच तिला ऐकायचंही नव्हतं.

रुपाली त्या संध्याकाळी मोताळ्याला उतरली नाही. मलकापूरला भावाकडे गेली. भाऊ आधी कुरकुरला, मग स्वतः जाऊन तिचं सामान घेऊन आला.

इकडे गाडीत मात्र सगळं पुन्हा तसंच सुरू झालं, फक्त नट बदलला. "देवानंद? हट्, कायच्या काय. डबा धरून उभा राह्याचा पोट्टा." "पोरगीच भांडखोर असन." "गाडी ढकलाले सगळ्यात पयले तोच उतरला होता." धम्मशीलानं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती तुळशीरामच्या सीटजवळ थांबली.

"बाबा, तुमच्या धुऱ्याच्या केसमध्ये सामनेवाला कसा आहे मानूस?"

"एक नंबरचा हलकट," तुळशीराम म्हणाला.

"गावात काय म्हनतात त्याले?"

तुळशीरामचं तोंड वाकडं झालं. "गावात त त्याले देवमानूस म्हनतात. भंडाऱ्याले पंगतीत वाढते ना तो."

गाडीत हशा पिकला. तुळशीरामही थोड्या वेळानं हसला. घाट संपताना तो म्हणाला, "तिच्या भावाले सांगजा, कोर्टात काही मदत लागली त मले सगळ्या खोल्या मालूम आहेत." सगळ्यांचंच मत बदललं असं नाही. मोताळ्यात अजून अर्धे लोक देवानंदच्या बाजूनं आहेत, आणि केस चालू आहे.

टीव्हीवर अपेक्षा आणि शेखरची बातमी महिन्याभरात मावळली. एका क्रिकेटपटूचं लग्न आलं मधे. तक्रार झाल्यावर मालिकेतल्या डॉक्टरला परदेशी शिकायला पाठवलं होतं, तो एके दिवशी विमानतळावर उतरला, आणि वाहिनीनं ढोल वाजवले. त्या दोघांच्या खटल्याचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. धम्मशीलानं ती मालिका सोडली. आता ती वेळ ती आणि नागसेन गच्चीवर काढतात, आणि नागसेन म्हणतो की पगार नसला तरी तो तेल लावून द्यायला तयार आहे. ती अजून तयार नाही.

परवाच्या फेरीत मलकापूरला रुपाली चढली. आता ती सुरुवातीलाच चढते, त्यामुळे तिला हवी ती जागा मिळते. त्या दिवशी ती तुळशीरामच्या सीटवर बसली, खिडकीजवळ. म्हातारा आला आणि म्हणाला, ही माझी जागा. रुपाली म्हणाली, नाव लिहिलं आहे का? तो म्हणाला, मी दरवेळी इथेच बसतो. ती म्हणाली, कोर्टात सिद्ध करा. ती काच उघडी म्हणत होती आणि हा बंद. धूळ, उकाडा, म्हातारपण, अर्धं तिकीट, सगळं निघालं. मोताळ्याचा थांबा आला आणि गेला तरी दोघांचं चाललंच होतं, आणि रुपालीचा आवाज इतका चढला होता की शेवटच्या बाकावरचे लोक उठून बघू लागले, ही कोण बाई म्हणून.

धम्मशीला मधे पडली नाही. मागची तिकिटं फाडत राहिली, आणि कान पुढच्या भांडणाकडे असल्यामुळे मशीनमध्ये एका बाईचं पूर्ण तिकीट निघालं म्हणून बोलणीही खाल्ली.